तलावाकाठची जमीन रिकामी नसते

सुशिक्षित मुंबईकरांच्या संभाषणात, व्यापारी मंडळांच्या निवेदनांत आणि नगरनियोजनाची परिभाषा बोलणाऱ्या सल्लागारांच्या खर्ड्यांत एक मत आताशा इतक्या निःशंकपणे मांडले जाते की, त्याला हरकत घेणारा मनुष्य आपोआपच जुनाट ठरतो. पाणीपुरवठा हा इतर कोणत्याही मालासारखा एक व्यवहार आहे, असे हे मत सांगते. ग्राहकाला माल पोहोचवावा, त्याचे दाम वसूल करावे, आणि ज्याला हे काम कमी खर्चात जमेल त्याला त्याचा मक्ता द्यावा. महापालिकेच्या पाणीखात्याला ते जमत नाही हे गळक्या नळांवरून सिद्धच आहे, म्हणून वितरणाचे काम एखाद्या जाणत्या कंपनीकडे सोपवावे. तलावांच्या सभोवार, जलाशयांच्या माथ्यावर आणि जलवाहिन्यांच्या दुतर्फा जी विस्तीर्ण भूमी या खात्याच्या ताब्यात पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे, तिच्यापासून तिजोरीत दमडीही जमा होत नसल्यामुळे ती लवकरात लवकर उत्पन्नाला लावावी, आणि शहराची तहान वाढली की आणखी एक दरी अडवून आणखी एक रान बुडवावे. हे मत मांडणाऱ्यांना यात काही विसंगत वाटत नाही. मला ते मुळापासून चुकीचे वाटते. आणि या शहराने गेल्या दीडशे वर्षांत आपल्या पाण्याची व्यवस्था ज्या तत्त्वावर उभी केली, त्या तत्त्वाचेच यात विस्मरण झालेले आहे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम इतिहासाची साक्ष काढणे भाग आहे, कारण खाजगी हातांना पाण्याचे काम अधिक चांगले जमते असे जे गृहीत धरले जाते, त्याचा पुरता अनुभव या शहराने सार्वजनिक व्यवस्था निर्माण होण्यापूर्वीच घेतलेला आहे. विहारचा तलाव बांधला जाण्यापूर्वी मुंबई बेट विहिरींवर आणि दानशूर व्यापाऱ्यांनी खोदवलेल्या तळ्यांवर जगत होते. धोबीतलावाच्या परिसरातील फ्रामजी कावसजींचे तळे हे त्या औदार्याचे सुप्रसिद्ध उदाहरण. त्या गृहस्थांच्या दातृत्वाविषयी आदरच बाळगला पाहिजे. परंतु वाढत्या वस्तीला, पावसाने ओढ दिलेल्या वर्षी आणि वैशाखाच्या अखेरीस, दातृत्वाची तळी पुरी पडत नव्हती, आणि त्यांत उरलेले पाणी पिण्याजोगे राहत नव्हते. म्हणूनच १८५६ साली हेन्री कोनीबेअर यांच्या योजनेनुसार विहारचे काम सुरू झाले आणि १८६० मध्ये मिठी नदीच्या उगमाकडील दरी अडवून बांधलेल्या त्या तलावाचे पाणी नळावाटे शहरात आले. १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, पुढे टप्प्याटप्प्याने त्याच तानसाची वृद्धी, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच दशकात, १९५७ साली, वैतरणेवरचे धरण (ज्याच्या जलाशयाला शहर अभियंता मोडक यांचे नाव लाभले), त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा, अशी ही सात जलाशयांची मालिका आहे. ती पूर्ण भरली म्हणजे तिच्यात सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी साठते. या मालिकेतील कोणता तलाव एखाद्या कंपनीने नफ्याच्या अपेक्षेने बांधला? ज्यांचा परतावा पंचवीस-तीस वर्षांत मिळण्याची शाश्वती नाही अशा कामांत कोणता भांडवलदार शंभर वर्षांचा विचार करून उतरला? प्रतिपक्षाने एखादे तरी उदाहरण समोर ठेवावे.

परंतु या इतिहासातून निघणारा दुसरा बोध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या अभियंत्यांनी हे तलाव बांधले, त्यांनी केवळ भिंत बांधून आणि नळ टाकून आपले काम संपले असे मानले नाही. ज्या डोंगरउतारांवरून पाणी तलावात उतरते ते उतारही राखीव राहिले पाहिजेत, तेथे वस्ती, शेतीचा चिखल आणि गुरांची घाण येता कामा नये, हे त्यांनी ओळखले होते. विहार आणि तुळशी यांचा पाणलोट राखला गेला म्हणून आज १०४ चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान महानगराच्या पोटात जिवंत आहे. तानसा आणि मोडक सागर यांच्या भोवतालची राने १९७० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाली, तीही मूलतः पाण्याचीच राने होती. भांडुप येथील प्रचंड जलशुद्धीकरण केंद्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात उभे राहिले. त्यापूर्वी अनेक दशके या शहराच्या पाण्याच्या शुद्धतेची मुख्य हमी म्हणजे ते पाणी ज्या मातीतून, ज्या मुळांतून आणि ज्या पाचोळ्यातून झिरपून येई ती राखलेली भूमीच होती. आजही तलावात उतरणारे पाणी जितके स्वच्छ, तितका तुरटीचा आणि क्लोरीनचा खर्च कमी. उतारावरची माती जितकी मुळांनी धरून ठेवलेली, तितका तळाशी बसणारा गाळ कमी आणि तलावाचे आयुष्य अधिक. जमाखर्चाच्या वहीत या कामाला सदर नाही, एवढ्यावरून ते काम होतच नाही असा निष्कर्ष काढणे हे हिशेबनिसाला तरी शोभते काय?

प्रतिपक्षाचा एक युक्तिवाद येथे आकड्यांचा आधार घेऊन येतो. तुळशी आणि विहार मिळून शहराला दररोज सुमारे १०८ दशलक्ष लिटर पाणी देतात. संपूर्ण शहराचा पुरवठा दिवसाला ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास आहे. म्हणजे शंभर लिटरांतील तीन लिटरही या दोन तलावांचे नाहीत. मग तेवढ्यासाठी महानगराच्या मध्यावरील इतकी मोलाची भूमी अडवून ठेवावी काय, असे विचारले जाते. आकडा खरा आहे, निष्कर्ष साफ खोटा आहे. तुळशीच्या परिसरातून दहिसर नदी निघते आणि विहार-पवईच्या सांडव्यांतून मिठी वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मिठीच्या काठची वस्ती पाण्याखाली गेली, हे ज्यांना आठवते त्यांनी एवढाच विचार करावा की, त्या दिवशी नदीच्या माथ्यावर रान आणि तलाव यांच्या जागी सिमेंटची छपरे आणि डांबरी आवार असते, तर तो सारा लोंढा किती वेळात कुर्ल्याला आणि कलिन्याला पोहोचला असता? तलावाचे मोल केवळ त्यातून काढलेल्या पाण्यावर ठरवायचे असेल, तर त्याने अडवून धरलेले पाणी कोणत्या खात्यावर मांडायचे? विहारच्या काठचे एक एकर रान विकून जी रक्कम येईल, ती एकदाच येईल. आणि ते रान नाहीसे झाल्याचा भुर्दंड प्रत्येक पावसाळ्यात, खालच्या अंगाला राहणाऱ्या आणि त्या विक्रीत कवडीही न मिळालेल्या माणसाला भरावा लागेल.

या जमिनी पडून आहेत असे म्हणणारे बाहेरचेच असतात असे नाही, हे मला खेदाने नमूद केले पाहिजे. स्वतः महापालिकेनेच या वृत्तीला शरण जाऊन पवई तलावाच्या काठावर, पाण्यात भराव घालून, सायकलमार्ग बांधायला घेतला होता. पवईचे पाणी पिण्यासाठी वापरले जात नाही, मग तेथे चार लोकांनी सायकली फिरवल्या तर बिघडले कुठे, असा त्यामागचा विचार. तलावात मगरी आहेत, काठच्या पाणथळीत पक्षी आहेत, पाणथळीत भराव घालण्यास कायद्याने मनाई आहे, या गोष्टी सामान्य नागरिकांना न्यायालयात जाऊन मांडाव्या लागल्या. आणि ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते बांधकाम बेकायदा ठरवून काढून टाकण्याचा आणि जागा पूर्ववत करण्याचा हुकूम दिला. जी संस्था विश्वस्त म्हणून नेमलेली आहे, तिला तिच्याच ताब्यातील तलावापासून दूर ठेवण्यासाठी रयतेने न्यायदरबारी उभे राहावे, यापरती नामुष्की कोणती? मलबार टेकडीवरील जलाशयाच्या बाबतीतही अंशतः असेच घडले. एकोणिसाव्या शतकातल्या त्या जलाशयाच्या छतावर फिरोजशाह मेहता उद्यान आहे. खाली दक्षिण मुंबईचे पाणी आणि वर सर्वांना खुली असलेली बाग, असा भूमीचा दुहेरी विनियोग आपल्या पूर्वसूरींनी कोणाचाही सल्ला न घेता साधला होता. तो जलाशय पाडून नव्याने बांधण्याची तजवीज पुढे आली, शेकडो झाडांवर गंडांतर आले, नागरिकांनी हरकती घेतल्या, तज्ज्ञांकडून तपासणी झाली, आणि दुरुस्तीने काम भागते असा अभिप्राय पुढे आला. आधी पाडण्याचा विचार आणि मग दुरुस्तीचा, हा क्रम उलटा का असू नये?

आता सेवेकडे वळतो. पाणीखाते अकार्यक्षम आहे, त्याच्या नळांतून पाणी गळते, त्याच्या मीटरांचा भरवसा नाही आणि अनेक वस्त्यांत दिवसाकाठी जेमतेम दोन-तीन तास पाणी येते, हे आरोप मी नाकारीत नाही. पालिकेच्याच कागदपत्रांवरून हिशेब केला तर पुरवलेल्या पाण्यापैकी पावापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत पाणी गळती, चोरी आणि मोजणीतील दोष यांत नाहीसे होते. यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र मी मान्य करीत नाही. हे खाते शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या धरणांतून, मोठ्या अंशी केवळ उताराच्या बळावर, पाणी आणते. ते शुद्ध करते. जमिनीखाली शंभर-शंभर मीटर खोल खोदलेल्या बोगद्यांतून वाहून नेते. आणि निवासी इमारतीच्या दारात हजार लिटरला सुमारे सहा रुपये या भावाने पोहोचवते. तेच हजार लिटर पाणी दुकानातल्या बाटल्यांतून घ्यायचे झाले तर वीस हजार रुपये पडतील. टँकरभर पाण्यालाही हजारोंनी रुपये मोजावे लागतात, आणि ते पाणी बहुधा याच शहराच्या भूगर्भातून उपसलेले असते. एप्रिल २०२५ मध्ये टँकरचालकांनी संप पुकारला, तेव्हा आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन विहिरी आणि टँकर ताब्यात घेण्याचे पाऊल कोणाला उचलावे लागले? ज्या पालिकेला अकार्यक्षम म्हणून हिणवले जाते तिलाच. खाजगी पुरवठ्याचा पाया किती ठिसूळ आहे, हे त्या चार दिवसांत उंच इमारतींतील रहिवाशांनाही उमगले असावे.

खाजगीकरणाचे प्रयोग झालेच नाहीत असेही नाही. २००६ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने अंधेरी-जोगेश्वरी पूर्वेकडील के-पूर्व विभागात वितरणव्यवस्थेचा अभ्यास परदेशी सल्लागारांकरवी करविण्यात आला, आणि त्यामागचा हेतू ध्यानात येताच नागरिकांनी आणि खात्यातील अभियंत्यांनी एकत्र येऊन त्याला असा विरोध केला की, तो बेत पुढे सरकलाच नाही. विभागातील प्रत्येक झडप कोणत्या वेळी किती फेरे फिरवायची, कोणत्या चढावरच्या चाळीला पाणी पोहोचण्यासाठी कोणत्या उतारावरची झडप आधी आवळायची, हे ज्ञान नकाशांत कमी आणि चावीवाल्यांच्या व दुय्यम अभियंत्यांच्या अनुभवात अधिक असते. ते विकत घेता येत नाही. २०१४ पासून वांद्रे पश्चिम आणि मुलुंड या विभागांत चोवीस तास पाणी देण्यासाठी परदेशी कंपनीचे साहाय्य घेण्यात आले. चोवीस तासांचे पाणी मुंबईला अजून मिळालेले नाही. आणि नागपूरचा दाखला जे देतात, त्यांनी तो पूर्ण द्यावा. २०१२ मध्ये पंचवीस वर्षांच्या कराराने तेथील वितरण खाजगी संस्थेकडे गेले, पण पाणी येते कोठून? पेंच नदीवरील धरणांतून, व्याघ्रप्रकल्पाच्या रानातून आणि गोरेवाड्याच्या तलावातून. त्या रानाची राखण, त्या धरणांची डागडुजी, आणि पेंचमध्ये पाणी कमी झाल्यावरची सारी जोखीम सार्वजनिक पैशावरच राहिली. ज्या भागात वसुली होते तो मक्तेदाराकडे आणि ज्या भागात केवळ जबाबदारी आहे तो जनतेकडे, अशा वाटणीला कार्यक्षमता म्हणावयाचे असेल तर मग कोणतेही काम कार्यक्षम ठरवता येईल. पॅरिस शहराने पंचवीस वर्षे हे सारे अनुभवून २०१० मध्ये आपले पाणी पुन्हा सार्वजनिक संस्थेकडे घेतले. बर्लिनने पुढच्या काही वर्षांत तेच केले. या दोन नगरांना व्यवहार कळत नाही असे आमचे सल्लागार म्हणणार काय?

सेवेविषयीचा आणखी एक आक्षेप कानी येतो आणि तो मला सर्वांत निर्दय वाटतो. अनधिकृत वस्त्यांना पाणी दिले म्हणजे अतिक्रमणाला उत्तेजन मिळते. म्हणून कागदपत्रे नसलेल्यांचे पाणी तोडावे, असे म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मुंबईत वर्षानुवर्षे झोपडीतल्या माणसाला दिवसाला ४५ लिटर आणि इमारतीतल्या माणसाला १३५ लिटर हे दोन वेगवेगळे मापदंड रूढ होते, आणि १९९५ पासून २००० पर्यंतच्या वेगवेगळ्या कालमर्यादा लावून लाखो माणसे त्या ४५ लिटरांच्याही बाहेर ठेवली गेली. ज्याला नळ नाकारला तो माणूस पाणी पिण्याचे थांबवतो काय? तो चोरून जोडलेल्या नळीतून, दुप्पट-दहापट दाम मोजून, गटाराच्या कडेने आलेले पाणी पितो. त्याची पोरे आजारी पडतात. आणि ज्या गळतीविषयी व चोरीविषयी आपण तक्रार करतो, तिच्यात भर पडते. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे स्पष्ट केले आणि घर अनधिकृत आहे म्हणून त्यातील माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण पालिकेने त्यानंतर साडेसात वर्षांनी, २०२२ मध्ये जाहीर केले. एवढी दिरंगाई कोणत्याही खाजगी कंपनीने केली असती तर आपण तिचा करार रद्द करा म्हणालो असतो. ती सार्वजनिक खात्याने केली म्हणून तिचे समर्थन मी करणार नाही. परंतु न्यायालयाने हा हक्क ज्याच्याकडून मागता येतो असे ठरवले ते खाते सार्वजनिक होते म्हणून तो मागता आला, हेही विसरता येत नाही. नफ्याच्या करारात ज्याचे बिल वसूल होत नाही त्याचे नाव कोठे असते?

यापुढचा प्रश्न तहान वाढल्यावर काय करायचे, हा. आणखी एक धरण, हे त्याचे ठरलेले उत्तर आहे. वाडा तालुक्यात ओगदे गावाजवळ गारगाई नदीवर धरण बांधून दिवसाला ४४० दशलक्ष लिटर पाणी आणावे, अशी योजना अनेक वर्षे दप्तरात आहे. मध्यंतरी ती बाजूस ठेवून मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा विचार झाला, आणि पुन्हा ती पुढे आणली गेली. गारगाईचे हे खोरे तानसा अभयारण्यात आहे. शंभरांहून अधिक वर्षे नामशेष मानला गेलेला आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा आढळलेला वनपिंगळा २०१४ मध्ये याच तानसाच्या रानात दिसला होता. लाखो झाडे जातील, आदिवासी गावे उठतील, आणि त्यांच्या बदल्यात दुसरीकडे रोपे लावली जातील असे सांगितले जाते. शतकभर वाढलेल्या सागाच्या आणि ऐनाच्या रानाची भरपाई रोपवाटिकेतल्या खड्ड्यांनी होते, हे कोणत्या वनपालाने अनुभवाने सांगितले? मी धरणांचा शत्रू नाही. धरणांवाचून मुंबई जगली नसती. परंतु दिवसाला ३,९०० दशलक्ष लिटर पाणी आणून त्याचा चौथा हिस्सा म्हणजे सुमारे ९७५ दशलक्ष लिटर वाटेत हरवणाऱ्या शहराने, ४४० दशलक्ष लिटरांसाठी रान बुडविण्याची परवानगी मागण्यापूर्वी स्वतःच्या घरातली गळती थांबवावी, अशी अपेक्षा करणे हा धरणविरोध आहे काय? गळतीतून निम्मे पाणी जरी वाचवता आले, तरी एक गारगाई शहराच्या जमिनीखालीच सापडते. ती शोधण्याचे काम मात्र कष्टाचे, प्रसिद्धीविरहित आणि रात्रीअपरात्री रस्ते खणण्याचे आहे. तिच्या उद्घाटनाची कोनशिला बसवता येत नाही.

आणि आता त्या आक्षेपाकडे येतो, जो कोणी फारसा उघडपणे बोलत नाही, पण ज्यावर बाकीचे सारे आक्षेप उभे आहेत. धरणाचे पाणी शहराचे आहे, कारण धरणाचा खर्च शहराने केला. धरणाच्या काठच्या गावांचे काय ते सरकारने पाहावे, अशी ही धारणा आहे. शहापूर तालुक्याचे वर्णन करताना या धारणेचे खरे रूप दिसते. तानसा, भातसा आणि वैतरणेचा मोडक सागर यांच्या परिसरात हा तालुका आहे. मुंबईच्या पाण्याचा फार मोठा वाटा याच डोंगरांतून उतरतो. आणि याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर प्रतिवर्षी फाल्गुन-चैत्र लागला की विहिरी आटतात, बाया डोक्यावर हंडे घेऊन उतार-चढ तुडवतात, आणि सरकारी टँकरची वाट पाहत रांगा लागतात. पावसाळ्यात येथे दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे निसर्गाने यांच्या वाट्याला कमी दिलेले नाही. ते जे दिले ते खाली नळांतून वाहून जाते, आणि नळ यांच्या शिवारातून जातो. इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून शहापूरच्या गावांना आणि पाड्यांना पाणी देण्याची योजना मंजूर झाली आहे, तिचे मी स्वागत करतो. पण ती इतक्या उशिरा का यावी? शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या मलबार टेकडीला १८९२ पासून तानसाचे पाणी पोहोचवण्याची कुवत ज्या अभियांत्रिकीत होती, तिला तानसाच्या काठावरचा पाडा दिसला नाही, हा अंतराचा प्रश्न होता काय?

न्यूयॉर्कचे उदाहरण येथे टाळता येत नाही. १९९७ साली त्या शहराने कॅट्सकिल डोंगरांतील आपल्या पाणलोटाच्या गावांशी करार केला. गाळण्याचे अब्जावधी डॉलरांचे केंद्र बांधण्याऐवजी त्याने तेथील जमीन राखण्यावर, शेतकऱ्यांच्या गोठ्यांची घाण ओढ्यात जाऊ नये म्हणून त्यांना साहाय्य करण्यावर, आणि गावांच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेवर पैसा खर्च केला. आणि पाणलोटात जी जमीन शहराच्या मालकीची आहे तिच्यावर ते शहर स्थानिक गावांना कर भरते. या कराराआधी त्या गावांनाही शहराने विस्थापित केले होते, दुखावले होते, आणि तेथेही भांडणे झाली. पण शेवटी शहराने एक गोष्ट मान्य केली की, पाण्याचे बिल हे केवळ नळाचे बिल नसून त्या डोंगराच्या आणि डोंगरावर राहणाऱ्यांच्या राखणीचेही बिल आहे. मुंबईच्या पाणीपट्टीत शहापूरचा आणि मोखाड्याचा असा वाटा धरायला आपल्याला कोणी अडवले आहे? हजार लिटरला सहा रुपये देणारा माणूस त्यात काही पैशांची भर पडल्याने दरिद्री होणार नाही. आणि तानसाच्या उतारावरचा वारली किंवा ठाकर जर त्या रानाचा राखणदार म्हणून पगारावर नेमला गेला, तर ते रान वनखात्याच्या कुंपणापेक्षा अधिक चांगले राखले जाईल. त्या रानाची माहिती असलेला दुसरा माणूस तेथे नाहीच.

यावर सांगितले जाईल की, पाणीखात्याचे काम पाणी देण्याचे, समाजकार्य करण्याचे नव्हे. मी म्हणतो, पाणी देण्याचे काम विहारच्या भिंतीपासून सुरू होत नाही, ते विहारच्या माथ्यावरील डोंगराच्या कड्यापासून सुरू होते. आणि ते इमारतीच्या टाकीत संपत नाही, ते पाइपलाइनच्या कडेच्या शेवटच्या झोपडीपर्यंत आणि तानसाच्या काठच्या शेवटच्या पाड्यापर्यंत जाते. न्यायालयाच्या हुकुमाने तानसा जलवाहिनीच्या दुतर्फा असलेली वस्ती हटवली गेली. ती माणसे माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरात नेऊन ठेवली, आणि पुढे न्यायालयालाच त्यांच्या बाजूने उभे राहावे लागले. मोकळ्या झालेल्या जागेवर सायकलमार्गाचे नियोजन झाले. जलवाहिनीचे रक्षण आवश्यक होते हे मला मान्य आहे. परंतु जी भूमी माणसाला नाकारली गेली ती निदान पाण्याच्या सुरक्षेसाठीच राखली जावी, तिचा तुकडाही उद्या एखाद्या विकासकाच्या ताळेबंदात दिसू नये, इतके तरी वचन त्या हटवलेल्या माणसांना देणे लागते.

म्हणून खाते सार्वजनिकच राहावे, आणि आजच्यापेक्षा अधिक सार्वजनिक व्हावे. त्याच्या ताब्यात विहारपासून ऊर्ध्व वैतरणेपर्यंत, मलबार टेकडीपासून भांडुपपर्यंत नेमकी किती जमीन आहे, ती कोणाच्या वहिवाटीत आहे आणि तिचा उपयोग काय होतो आहे, याची नोंदवही प्रत्येक नागरिकाला पाहता आली पाहिजे, आणि त्या नोंदीतला एक गुंठाही महासभेच्या खुल्या चर्चेवाचून कोणाच्या स्वाधीन होता कामा नये. गारगाईच्या खोऱ्यात पहिला खड्डा खणण्यापूर्वी शहरातील गळती अर्ध्यावर आली आहे, हे विभागवार आकड्यांनिशी सिद्ध केले पाहिजे. ४५ आणि १३५ लिटरांमधला भेद नाहीसा झाला पाहिजे. पाणीपट्टीतून पाणलोटासाठी वेगळा निधी काढून, त्याचा हिशेब शहापूर, वाडा आणि मोखाडा येथील ग्रामसभांसमोर दरवर्षी ठेवला पाहिजे. आणि पुढच्या उन्हाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत सात तलावांच्या पातळीचे आकडे छापले जातील, तेव्हा त्याच चौकटीत तलावाकाठच्या किती पाड्यांवर अजून टँकर जातो तोही आकडा छापला जावा, आणि तो शून्य होईपर्यंत पाणीखात्याच्या कोणत्याही नव्या धरणाच्या अंदाजपत्रकाला महासभेने मंजुरी देऊ नये.